म्युझिक सिस्टीम काढून छोटा स्पीकर डॉक घेताना

आधीच सांगतो, जुन्या सिस्टीमचा ॲम्प्लिफायर ठणठणीत असेल आणि तक्रार फक्त "मोबाइलवरची गाणी वाजत नाहीत" एवढीच असेल तर नवीन काही घेऊ नका. मागच्या लाल-पांढऱ्या पिनांना लावायचा छोटा ब्लूटूथ रिसीव्हर मिळतो, तो लावा आणि मोकळे व्हा. पण दहा बाय बाराच्या हॉलमधली जागा मोकळी करायची असेल, किंवा आपल्या दमट हवेत स्पीकरच्या कडेचा फोम हात लावला की भुगा होत असेल, तर मग डॉक, म्हणजे फोनवरची गाणी वाजवणारा एकाच डब्यातला स्पीकर, बघायला हरकत नाही.

फोन खोचायची खाच असलेला डॉक घेऊच नका. सेकंडहँडमध्ये जे एकदम स्वस्त दिसतात ना, ते बहुतेक जुन्या ३० पिनवाल्या खाचेचे असतात, ॲपलने २०१२ मध्ये ती पिन बदलून लाइटनिंग आणली आणि २०२३ मध्ये आयफोन १५ पासून टाइप सी, म्हणजे खाच दरवेळी बाद आणि स्पीकर मात्र धडधाकट. ब्लूटूथ आणि ऑक्स, म्हणजे वायरने जोडायची सोय, दोन्ही हवंच. टीव्हीलाही लावायचा असेल तर टीव्हीचा आवाज वायरने आणणारी ऑप्टिकल किंवा एचडीएमआय एआरसी जोडणी बघा, कारण ब्लूटूथवर ओठ आधी हलतात आणि आवाज मागून येतो. आयफोनवाल्यांनी ॲपटीएक्ससाठी (ब्लूटूथवरून आवाज पाठवायची एक पद्धत) जास्त पैसे मोजायची गरज नाही, आयफोनला ते चालतच नाही, तो एएसी या दुसऱ्या पद्धतीवर चालतो.

बॅटरीवाला नको, प्लगवाला घ्या. मुंबईत लाइट जाते किती, आणि बारा महिने चार्जिंगला लावून ठेवलेली बॅटरी लवकर म्हातारी होते.

खोक्यावर पीएमपीओ, म्हणजे क्षणभराची कमाल ताकद, लिहिलं असेल तर तो आकडा वाचूच नका, त्याला काही धरबंध नसतो. आरएमएस, म्हणजे सतत मिळणारी खरी ताकद, बघा, आणि त्यातही २० चे ४० वॅट झाले म्हणून आवाज दुप्पट होत नाही, जेमतेम ३ डेसिबल वाढतो. कानाला दुप्पट वाटायला साधारण दहापट वॅट लागतात. वनबीएचकेच्या हॉलला २०-३० खरे वॅट भरपूर झाले, बिल्डिंगमध्ये राहतो आपण.

आता खरी गोम. दुकानात ऐकायचं कसं. इथे मीही खूप झगडलोय आणि इथेच सगळे फसतात, कारण दुकानदार त्याचं ठरलेलं धडामधुडूम गाणं लावतो, आवाज मोठा ठेवतो, बाजूला अजून दोन स्पीकर चालू असतात आणि आपण "बेस काय भारी आहे" म्हणत बाहेर पडतो. घरी संध्याकाळी पंखा चालू, खाली रिक्षांचे हॉर्न, आवाज एक चतुर्थांशावर, आणि तोच स्पीकर पत्र्याचा डबा वाजवल्यासारखा. हळू आवाजात आपल्या कानाला खालचे सूर मुळातच कमी ऐकू येतात. चांगला स्पीकर हळू वाजताना खालची बाजू जरा उचलून धरतो, वाईट स्पीकर नाही धरत.

म्हणून आधी हळू ऐका, अगदी दुकानदाराला पटणार नाही इतकं हळू. गाणी आपल्या फोनमध्ये डाउनलोड करून न्या, दुकानात रेंज असेलच असं नाही. एक पखवाज आणि टाळ असलेला अभंग, एक तबल्याची साथ असलेलं गायन, आणि कोणाचा तरी नुसता बोलण्याचा आवाज, बातम्या चालतील. डग्ग्याची घुमक आणि तबल्याची चाट वेगवेगळी कळली पाहिजे, दोन्ही मिळून नुसतं धप्प होत असेल तर सोडा. टाळ कानात टोचले तरी सोडा. तानपुरा गायकाच्या मागे सतत ऐकू आला पाहिजे, गायक वर गेला की गायब व्हायला नको. आणि बातम्या देणारी बाई पिंपात बसून बोलतेय असं वाटलं तर बेस मुद्दाम फुगवलाय. ॲपमधला बूस्ट, पार्टी मोड, सगळं आधी बंद करायला सांगा.

मग हळूहळू वाढवा. छोट्या डब्यातला पडदा हवा ढकलून ढकलून किती ढकलणार, म्हणून आतलं सर्किट आवाज वाढला की पडदा फाटू नये म्हणून बेस गुपचूप कमी करतं. थोडं झालं तर चालतं. पण तीन चतुर्थांशावरच गाणं चपटं, आवळल्यासारखं व्हायला लागलं तर तो स्पीकर तुमच्या जुन्या सिस्टीमची जागा घेणार नाही, कोणी काहीही म्हणो.

जागेचंही तिथेच तपासा. स्पीकर भिंतीजवळ गेला की बेस वाढतो, कोपऱ्यात गेला की अजून. म्हणजे काउंटरवर मोकळा ठेवून छान वाटलेला घरी टीव्ही युनिटच्या कोनाड्यात कोंबला की घुमायला लागतो. घरी जिथे ठेवणार तशीच जागा दुकानात शोधा, भिंतीला टेकवून ऐका. दुकानदार नाही म्हणाला तर दुसरं दुकान, लॅमिंग्टन रोडवर दुकानांना तोटा नाही. फक्त रविवारी जाऊ नका, बरीचशी बंद असतात. ऑनलाइन घेत असाल तर परत करायच्या अटी आधी वाचा.

एका डब्यातून डावं-उजवं ऐकू येणार नाही हे मान्य करूनच घ्या. दोन पडदे वीतभर अंतरावर, सोफ्यावरून ते एकच वाटतात, खोक्यावर स्टिरिओ लिहिलेलं असलं तरी. आजीची पन्नासच्या दशकातली गाणी असतील तर काही बिघडत नाही, ती मुळात मोनोच आहेत. हवंच असेल तर एकाच मॉडेलचे दोन घ्या जे जोडीने चालतात, नाहीतर पॉवर्ड (ॲम्प्लिफायर आतच असलेल्या) बुकशेल्फ स्पीकरची जोडी, पण मग जागा वाचायची गोष्ट विसरा.

रेडिओ विचारून घ्या. खूप डॉकमध्ये एफएम नसतोच आणि हे घरातल्या मोठ्या माणसांना पहिल्या सकाळी विविध भारती लावताना कळतं. आणि एक विचित्र गोष्ट, काही स्पीकर ऑक्सवर अगदी हळू वाजत असतील तर गाणं थांबलंय समजून स्वतःहून झोपी जातात, सकाळी हळू आवाजात भूपाळी लावणाऱ्यांचा यात फार छळ होतो. मॅन्युअलमध्ये ऑटो स्टँडबाय बंद करायची सोय आहे का तेवढं बघा.

जुनी सिस्टीम भंगारवाल्याला किलोवर देऊ नका, चालू ॲम्प्लिफायरला रिपेअरवाले बरे पैसे देतात. ऑक्सची वायर बहुतेक नव्या डॉकच्या खोक्यात नसते, ती त्याच दुकानातून घेऊन या.