यानाचा तांडा करा: विज्ञानकथा मालिकेवरून फँटसी कॅम्पेन कसं रचावं

'फायरफ्लाय' ही २००२ सालची अमेरिकन मालिका. १४ भाग बनले, त्यातले ११ त्या वर्षी दाखवले गेले आणि मालिका बंद पडली. युद्धात हरलेल्या बाजूचा एक सार्जंट, त्याचं जुनाट मालवाहू यान आणि त्यावरची ९ माणसं. मिळेल ते काम घ्यायचं, इंधनापुरते पैसे सुटले की पुढे निघायचं. मला ही मालिका फार जवळची वाटते, म्हणून ती फँटसीच्या जगात खेळवायचं ठरवलं: टेबलाभोवती बसून, प्रत्येकाने एकेक पात्र घेऊन आणि फासे टाकून खेळायचा रोलप्लेइंग खेळ. त्यात अनेक बैठकांत, म्हणजे सेशनमध्ये, चालणारी सलग गोष्ट म्हणजे कॅम्पेन, आणि ती चालवतो मी.

पहिल्या खेपेला मी यानाऐवजी उडतं जहाज दिलं आणि बंदुकांऐवजी जादूच्या कांड्या. तीन सेशनमध्ये कॅम्पेन कोसळलं. जहाज उडत असल्याने खेळाडू कुठे अडकेचनात. घाट, नाका, नदीचा पूर, सगळ्यावरून ते अलगद निघून जायचे. तेव्हापासून मी वस्तू बदलण्याआधी एक गोष्ट शोधतो: ही वस्तू माणसांना नेमकी कुठे अडवते?

त्यासाठी वही घेऊन मालिकेचे कोणतेही दोन भाग पुन्हा पाहा. गोष्ट उतरवू नका. प्रत्येक प्रसंगात काय कमी पडतंय, तेवढंच लिहा. माझ्या पानावर पैसा, इंधन, औषध, लपायला जागा आणि एकमेकांवरचा विश्वास एवढंच पुन्हा पुन्हा आलं. फँटसीत न्यायची ती ही यादी.

आता यानाची जागा. ते या माणसांचं घर आहे, पोट आहे आणि सुटका नसलेली खोलीही आहे. हे तिन्ही एकत्र कशात मिळेल? नाशिककराला लांब जायला नको. सोपाऱ्याच्या बंदरातून घाट चढून नाशिक आणि पुढे पैठण, हा सातवाहनांच्या काळातला व्यापारी मार्ग. त्या वाटेवर मीठ वाहणारा बैलांचा तांडा घ्या. बैल थकतात, पावसात गोणीतलं मीठ पाझरतं आणि भांडण झालं तरी रात्री सगळ्यांना एकाच शेकोटीशी निजावं लागतं. मालिकेतली 'अलायन्स' म्हणजे युद्ध जिंकलेलं राज्य: नाके, परवाने, झडत्या. 'रीव्हर्स' म्हणजे अंतराळाच्या कडेला माणूसपण हरवलेली नरभक्षक माणसं. त्यांच्या जागी राक्षस आणायचा मोह होतो, तो टाळा. ती एके काळी माणसं होती, भीती त्यातच आहे. मालिकेत परग्रहवासी नाहीत, म्हणून मी एल्फ आणि ड्वार्फ या फँटसीतल्या मानवेतर जमातीही ठेवल्या नाहीत.

पैशाचं गणित आधी पक्कं करा, कारण या कथेचा कणा कर्जच आहे. मला ते नाशिकच्या पांडवलेण्यांत मिळालं. १० क्रमांकाच्या लेण्यात क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याचा सुमारे १९०० वर्षांपूर्वीचा लेख आहे. भिक्षूंच्या खर्चासाठी त्याने गोवर्धनातल्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे, म्हणजे व्यावसायिक संघांकडे, ३,००० कार्षापण (त्या काळची नाणी) ठेवले: २,००० दरमहा शेकडा एक व्याजाने आणि १,००० शेकडा पाऊण व्याजाने. ३५ कार्षापणांचा एक सुवर्ण, म्हणजे सोन्याचं नाणं, हा दरही तिथेच कोरलेला आहे. एवढं तयार अर्थकारण कुठल्याही नियमपुस्तकात मला सापडलं नव्हतं. माझ्या तांड्यावर १,००० कार्षापणांचं कर्ज आहे आणि धोक्याचा धंदा म्हणून सावकार शेकडा दोन घेतो. महिन्याला २० कार्षापण. एक बैल मेला की हप्ता चुकतो, आणि पुढचं काम विचार न करता घ्यावं लागतं.

नियमांसाठी आम्ही 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' या रोलप्लेइंग खेळाची पाचवी आवृत्ती वापरतो, पण काटछाट करून. त्यात पात्रं पातळी-पातळीने बलवान होतात. 'गुडबेरी' हा मंत्र पहिल्याच पातळीवर मिळतो आणि त्याचं एक फळ माणसाला दिवसभर पुरतं. तो काढून टाका. पात्रं पाचव्या पातळीवर गेली की उडण्याचा आणि अन्नपाणी निर्माण करण्याचा मंत्र हाती येतो, म्हणून मी कॅम्पेन चौथ्या पातळीवर थांबवतो. खेळाडूंना हे सेशन झीरोमध्येच, म्हणजे खेळ सुरू होण्याआधीच्या बैठकीत, स्पष्ट सांगा.

मालिकेतली पात्रं खेळायला देऊ नका. ज्याला मूळ कथा पाठ आहे तो तेच संवाद म्हणू लागतो. त्याऐवजी प्रत्येकाला विचारा: तुझं गाव कोणी जाळलं, आणि तांड्यातल्या कोणाला तू ते सांगितलेलं नाहीस?

शेवटी एक भाग निवडून तो पूर्ण बदलून बघा. 'आउट ऑफ गॅस'मध्ये इंजिनाचा एक भाग निकामी होतो, यानातली हवा संपत जाते, आणि कप्तान सगळ्यांना छोट्या यानांतून पाठवून एकटा मागे राहतो. घाटात हवा संपत नाही. म्हणून मी धुक्यात हिंडणारी सावली आणली. दिवा जळतो तोवर ती जवळ येत नाही. हवेच्या जागी दिव्याचं तेल.

तेल म्हणून टेबलाच्या मधोमध वाटीत सहा चिंचोके ठेवले. गोण्या हलवल्या, बैलाचा पाय बांधला, वाट शोधली, की प्रत्येक वेळी एक चिंचोका मी उचलायचो. काही बोलायचो नाही. तीन उरले तेव्हा गप्पा थांबल्या. दोन उरल्यावर वैद्य खेळणाऱ्या मैत्रिणीने जखमी बैल सोडून द्यायचं ठरवलं, आणि ज्याने त्या बैलाला नाव ठेवलं होतं तो फासा मुठीत धरून बराच वेळ तसाच बसून राहिला. मग म्हणाला, "तुम्ही व्हा पुढे, दिवा माझ्याकडे राहू द्या." मी वाटीकडे हात नेला.