जुने गोवे आणि नार्वे बघताना या चुका टाळा

घर डिचोलीत, त्यामुळे घाटावरून कुणीही आलं की जुने गोवे दाखवायचं काम माझ्याकडे. तेच तेच घोळ बघून आता लिहायला बसलो.

सगळ्यात मोठा घोळ सप्तकोटेश्वराचा. शिवाजी महाराजांनी उभारलेलं देऊळ ‘नार्वे, दिवाडी बेट’ असं कुठेतरी वाचून लोक निघतात. गेल्या मे महिन्यात कोल्हापूरचे मामा तसेच निघाले. जुन्या गोव्याच्या धक्क्यावर गाडी फेरीबोटीत घातली, दिवाडीला उतरले आणि दीड तास बेटभर हिंडले. भर दुपारी फोन आला, "अरे, इथं देऊळच नाही!"

नार्वे दोन आहेत, मुद्दा एवढाच. कदंब राजघराण्याचं हे दैवत मूळचं दिवाडीवरच्या नार्व्याचं. पोर्तुगिजांनी देऊळ पाडलं, लिंग नदीपलीकडे डिचोलीच्या बाजूला नेलं गेलं आणि देवामागोमाग गावाचं नावही तिकडे गेलं. महाराजांनी १६६८ साली बांधायला लावलं ते पलीकडचं. मी म्हटलं, "मामा, मागे फिरू नका. बेट ओलांडून नार्व्याच्या धक्क्यावर या, तिथून दुसरी फेरी मिळेल." मी डिचोलीच्या बाजूला थांबलो. मामी उतरल्या तेव्हा उन्हानं चेहरा लालबुंद झालेला, पाण्याची बाटली रिकामी. पण शके १५९० चा शिलालेख दिसला आणि मामा त्याच्यासमोरून हलेनात. तेव्हापासून मी पाहुण्यांना मुद्दाम याच वाटेनं नेतो, दोन फेऱ्या आणि मधे दिवाडीची शेतं. पुलावरून लवकर पोचता येतं, पण देव नदी ओलांडून आला ते त्या रस्त्यानं कळत नाही.

दुसरी चूक घाईची. बॉम जीझस चर्च, समोरचं से कॅथेड्रल, चार फोटो, की निघाले कळंगुटला. अहो, जरा वर चढा. टेकडीवर सेंट ऑगस्टीनचा मनोरा आहे, उरलाय तेवढाच सुमारे ४६ मीटर. १८३५ मध्ये मठ ओस पडला, १८४२ मध्ये छत कोसळलं, १९३१ मध्ये दर्शनी भाग ढासळला. चिऱ्यांचे थर उघडे पडलेत, भिंत कशी रचली ते हात लावण्याइतक्या जवळून दिसतं. हात मात्र लावू नका. इथली घंटा पणजीच्या मोठ्या चर्चमध्ये आहे. ती आधी बघून आलात तर मनोऱ्याखाली उभं राहताना वेगळंच वाटतं.

से कॅथेड्रलचा दुसरा मनोरा ‘बांधायचा राहिला’ असं मुलांना सांगू नका, तो १७७६ साली पडला. बॉम जीझसही अर्धवट नाही, बाहेरचा गिलावा गेल्या शतकात काढलाय.

पुरातत्त्व संग्रहालय शुक्रवारी बंद. खांदे-गुडघे झाकणारे कपडे घाला, आत लोक प्रार्थनेला बसलेले असतात. आणि सकाळी लवकर या. बारानंतर त्या अंगणात म्हाताऱ्या माणसांना उभं करणं मला पटत नाही.