राजगड-तोरणा-रायगड करायचाय? आधी उतरायला शिका

दिवाळी सरली की ओळखीतलं कुणीतरी हमखास विचारतं, "राजगड-तोरणा-रायगड चालत करायचाय, रोज किती पळू?" पळायचं तर पळा, पण या वाटेवर दमावाचून कुणाचं फारसं अडत नाही. दम लागला की माणूस थांबतो, दोन घोट पाणी पितो आणि पुढे निघतो. दगा देतात ते मांड्या, गुडघे आणि पायाचे अंगठे, आणि तेही उतरताना. तोरणा झाल्यावर मोहरी गावाच्या पठारावरून सरळ कोकणात उतरायचं असतं, आणि रायगड त्यानंतर.

सॅकचं आधी उरकतो. पाण्यासकट दहा किलोच्या वर जाऊ देऊ नका. जड सामान पाठीला लागून, स्लीपिंग बॅग तळाला. कमरेचा पट्टा आधी आवळायचा, खांद्याचे नंतर. जीन्स घरी ठेवा.

आता उतार. पहिल्यांदा गेलो तेव्हा मी दोन महिने दर रविवारी आतकरवाडीतून सिंहगड चढलो होतो. वर पिठलं-भाकरी खायची आणि जीपनं खाली यायचं! वेळ फक्त चढाची लावायची, त्यामुळे तयारी झाली अशी खात्रीच होती. मोहरीहून कोकणात उतरताना सिंगापूर नाळेत (नाळ म्हणजे डोंगरातून खाली जाणारी दगडांची अरुंद घळ) तासाभरात मांड्या थरथरायला लागल्या. खाली दापोली गावात पोचलो तेव्हा दोन्ही अंगठ्यांची नखं काळीनिळी झाली होती. दुसऱ्या दिवशी रायगडाच्या पायऱ्या मांडी हातानं उचलत चढलो. नखं पुढे गळून पडली, नवी नीट यायला वर्ष गेलं.

चढताना मांडीचा स्नायू आखडत काम करतो. उतरताना तोच ताणला जात असताना अंगाचा भार पेलतो. या ताणानं स्नायूचे बारीक तंतू दुखावतात आणि दुखणं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी शिगेला पोचतं. पण एकदा असा मार खाल्लेला स्नायू पुढचे काही आठवडे तसाच मार बऱ्यापैकी सोसतो. म्हणून सराव उताराचाच हवा आणि पाठीवर ओझं घेऊनच. सॅकमध्ये पाण्याच्या बाटल्या भरून चढायचं आणि गुडघे वाचवायला वर पाणी ओतून द्यायचं, असा सल्ला सर्रास मिळतो. गुडघा आधीच दुखरा असेल तर जरूर ओता (आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय या फंदात पडू नका). बाकीच्यांनी चार किलोपासून सुरुवात करून, दर आठवड्याला किलो-दोन किलो वाढवत, भरल्या सॅकनिशी उतरावं. गड जवळ नसेल तर इमारतीचे जिने आहेत. लिफ्टनं वर जा, चालत खाली या. शेवटचा जोरदार उतार निघायच्या आठ-दहा दिवस आधी. त्यानंतर फक्त साधं चालणं.

पावलं लहान टाका, गुडघा किंचित वाकलेला राहू दे. उड्या मारत उतरणारा भिडू पहिल्या दिवशी हिरो असतो, तिसऱ्या दिवशी त्याची सॅक तुमच्याकडे येते. काठी घ्या, जमलं तर दोन. काठी म्हणजे म्हातारपण, असं मीही म्हणायचो.

बूट संध्याकाळी, पाय थोडे सुजलेले असताना, ट्रेकचेच मोजे घालून घ्या. नाडी न बांधता पाय पुढे सरकवल्यावर टाचेमागे बोटभर जागा राहिली पाहिजे. मापाला घट्ट बसणारा बूट दुकानात छान वाटतो, नाळेत तोच नखं खातो. बूट नवा असेल तर सरावाचे सगळे उतार त्यातच उतरा. सुती मोजे नकोत, घाम धरून ठेवतात. टाच चुरचुरली की तिथल्या तिथे थांबून चिकटपट्टी लावा. "पुढच्या टप्प्यावर बघू" म्हणेपर्यंत फोड आलेला असतो. ट्रेकला निघायच्या तीन-चार दिवस आधी नखं कापा, म्हणजे एखादं जास्त खोल गेलं तर भरायला वेळ मिळतो.

मोहरीतून उजाडताच निघा. नाळेच्या तोंडाशी बसून बूट पुन्हा बांधा: टाच मागे ठोकून घोट्याजवळ घट्ट, बोटांवर सैल. आत सुटे दगड आहेत, एकाच्या डोक्यावर एक असे उतरू नका. वरच्याच्या पायाखालचा धोंडा खालच्याच्या पाठीत बसतो.