फोनवर जुने फ्लॅश गेम पुन्हा कसे चालले

ब्राउझरमध्ये हे गेम चालवणारा फ्लॅश प्लेअर ३१ डिसेंबर २०२० ला बंद झाला. आता त्याची जुनी एपीके (अँड्रॉइड ॲपची फाइल) शोधून फोनमध्ये टाकू नका, ती धोक्याची. अँड्रॉइडवर फायरफॉक्स घ्या, त्यात ‘रफल’ हे फ्लॅश प्लेअरचं काम करणारं एक्स्टेन्शन (ब्राउझरची जोडणी) बसवा आणि गेमचं पान रिफ्रेश करा. आवाज आला नाही तर गेमवर एकदा बोट टेकवा; स्पर्शाशिवाय ब्राउझर आवाज सुरू करत नाही.

खरी अडचण कळांची. नुसत्या क्लिकचे गेम बोटाने छान चालतात, पण बाण आणि स्पेसबार लागणाऱ्या गेमला ओटीजीने (फोनला यूएसबी वस्तू जोडणाऱ्या केबलने) साधा कीबोर्ड जोडाच. तरी पडदा पांढराच राहिला, तर गेम बहुधा ॲक्शनस्क्रिप्ट ३ (फ्लॅशच्या प्रोग्रामिंग भाषेची तिसरी आवृत्ती) मधला असतो; रफल तो अजून पूर्ण पेलत नाही. त्याआधीच्या आवृत्तीतले बहुतेक गेम बिनतक्रार चालतात.