पिप चालत नसेल तर आधी पायथनलाच विचारावे

पायथन व्यवस्थित बसले आणि तरीही टर्मिनलमध्ये पिप (पायथनसाठी तयार पॅकेजेस बसवणारे साधन) लिहिताच ही आज्ञा ओळखता येत नाही असा संदेश आला, तर पुष्कळ जण पायथन काढून पुन्हा बसवतात. बहुतेक वेळा त्याची गरज नसते. पिप हे खरे तर पायथनच्या आत राहणारे मॉड्यूल, म्हणजे कोडचा एक भाग, आहे. आपण जे नाव टाइप करतो ती त्या मॉड्यूलला हाक मारणारी एक छोटी फाइल असते, आणि बिघाड बहुधा त्या फाइलपाशी असतो. (आज्ञा येथे देवनागरीत दिल्या आहेत, टाइप करताना त्या लहान रोमन अक्षरांत लिहाव्यात.)

म्हणून पहिली आज्ञा द्यावी ती विंडोजवर ‘पाय -एम पिप --व्हर्जन’ आणि लिनक्स वा मॅकवर ‘पायथन3 -एम पिप --व्हर्जन’. उत्तरात पिपची आवृत्ती, ते ज्या फोल्डरमध्ये आहे त्याचा पत्ता आणि ते कोणत्या पायथनचे आहे, हे तिन्ही दिसते. उत्तर आले तर पिप धडधाकट आहे. अशा वेळी विंडोजवर पायथनचे ‘स्क्रिप्ट्स’ फोल्डर बहुधा पाथमध्ये (संगणक आज्ञा जिथे शोधतो त्या फोल्डरांच्या यादीत) नसते, कारण इन्स्टॉलरच्या पहिल्या पडद्यावरील पाथची चौकट रिकामी राहिलेली असते. ते फोल्डर पाथमध्ये घालून टर्मिनलची नवी खिडकी उघडावी. जुन्या खिडकीला हा बदल कळत नाही.

पिप नावाचे मॉड्यूलच नाही असे उत्तर आले, तर ‘पाय -एम एन्शुअरपिप --अपग्रेड’ ही आज्ञा द्यावी. 2014 मधील पायथन 3.4 पासून ही सोय पायथनसोबतच येते. डेबियन व उबुंटू या लिनक्स प्रणाली मात्र आपल्यासोबत आलेल्या पायथनसाठी ती बंद ठेवतात, त्यामुळे तेथे ‘सुडो ॲप्ट इन्स्टॉल पायथन3-पिप’ हाच मार्ग आहे.

लाँचरमध्ये घातक त्रुटी असा संदेश आला तर पायथनचे फोल्डर हलवले किंवा त्याचे नाव बदलले का, हे आठवून पाहावे. पिपच्या त्या छोट्या फाइलमध्ये, म्हणजेच लाँचरमध्ये, पायथनचा पूर्ण पत्ता कोरलेला असतो व तो आता जुना झालेला असतो. ‘पाय -एम पिप इन्स्टॉल --फोर्स-रीइन्स्टॉल पिप’ दिल्यावर ती फाइल नव्याने तयार होते. आभासी परिसराचे (एका प्रकल्पापुरत्या वेगळ्या ठेवलेल्या पायथनचे) फोल्डर हलवले असेल तर मात्र दुरुस्तीत वेळ न घालवता तो परिसर नव्याने बनवावा.

2018 मध्ये पिप 10 आले तेव्हा उबुंटूवर अनेकांना ‘मेन’ हे नाव आयात करता येत नसल्याची त्रुटी दिसली. मॉड्यूल नवे झाले होते, पण प्रणालीने दिलेली हाक मारणारी फाइल जुनीच होती आणि ती जे नाव शोधत होती ते आतून हलवले गेले होते. म्हणूनच प्रणालीचे पिप पिपनेच अद्ययावत करू नये, असे मी आग्रहाने सांगतो.

डेबियन 12 पासून दिसणारा, परिसराचे व्यवस्थापन बाहेरून होते अशा अर्थाचा संदेश हा बिघाड नाही. प्रणालीचे पायथन सुरक्षित राहावे यासाठी घातलेले ते कुंपण आहे. ते तोडणारा पर्याय वापरू नये. त्याऐवजी ‘पायथन3-व्हेन्व्ह’ बसवून ‘पायथन3 -एम व्हेन्व्ह’ आणि पुढे फोल्डरचे नाव देऊन परिसर तयार करावा, तो सक्रिय करावा आणि पुन्हा आवृत्ती विचारावी: आता पत्ता त्याच फोल्डरचा दिसला पाहिजे.