प्रवाळांना वाढीव प्रकाशाची सवय लावताना

प्रवाळांच्या खाऱ्या पाण्याच्या टँकवरच्या टी-फाइव्ह (बारीक फ्लोरोसंट) नळ्या काढून एलईडी दिवा बसवला की पहिल्या संध्याकाळी टँक फार देखणा दिसतो, आणि नुकसानीची सुरुवात बहुधा त्याच संध्याकाळी होते. माझ्याकडच्या दोन मशरूम प्रवाळांचे असेच झाले. नवा दिवा मी थेट 80 टक्क्यांवर लावला होता. चौथ्या दिवशी त्यांच्या चकत्या आक्रसून कडांनी वळल्या आणि वरचा हिरवट तपकिरी रंग पांढुरका पडला. खडकाच्या सावलीतली कड मात्र पूर्वीसारखीच होती. ही खूण लक्षात ठेवावी. पाणी तापल्यामुळे रंग उडतो तेव्हा तो सहसा सगळीकडून उडतो, प्रकाशाच्या झटक्याने मात्र आधी उजेडाकडची बाजू फिकी पडते.

प्रवाळाच्या पेशींत राहणारी झूझँथेली नावाची सूक्ष्म शैवाले प्रकाशसंश्लेषण करून त्याला अन्न पुरवतात. मंद उजेडात ती हरितद्रव्य भरपूर बाळगतात. त्याच शैवालांवर एकाएकी प्रखर प्रकाश पडला की पचवता येणार नाही इतकी ऊर्जा शोषली जाते, पेशींत ऑक्सिजनचे घातक अंश साठतात आणि प्रवाळ आपल्या या भाडेकरूंना बाहेर काढतो. हरितद्रव्य कमी करून घ्यायला शैवालांना काही आठवडे लागतात, म्हणून आपली चालही तितकीच संथ हवी.

सर्वांत महत्त्वाचे काम दिवा लावण्याआधीचे आहे. जुना दिवा काढण्यापूर्वी प्रत्येक प्रवाळाच्या जागी पॅर (प्रकाशसंश्लेषणाला उपयोगी पडणारा प्रकाश) मोजणाऱ्या मीटरने प्रकाश मोजून आकडे लिहून ठेवावेत, आणि मीटर विकत घेणे परवडत नसल्यास एखाद्या छंदी मित्राकडून दोन दिवसांसाठी मागून आणावा. डोळ्यांवर विसंबू नये, कारण शैवालांना पुरेपूर उपयोगी पडणारा निळा प्रकाश आपल्या नजरेला मंद भासतो. लक्स हे एकक माणसाच्या नजरेवरच बेतलेले असल्याने मोबाइलवरचे लक्स-ॲपही येथे फसवते. साधारणपणे मशरूमसारख्या प्रवाळांना 50 ते 100 आणि लेदर प्रवाळांना 100 ते 200 पॅर मानवतो. कठीण सांगाड्याच्या ॲक्रोपोराला मात्र 250 ते 350 लागतो. (भारतात कठीण सांगाड्याचे सर्व प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, त्यामुळे ॲक्रोपोराचा आकडा परदेशातील मराठी छंदींसाठीच समजावा.)

नव्या दिव्याची तीव्रता अशी ठेवावी की प्रवाळाच्या जागी मीटरवर जुनाच आकडा दिसेल. त्यासाठी दिवा 30 टक्क्यांवर आणावा लागला तरी बिचकू नये. एलईडीचा झोत मध्यभागी एकवटतो, म्हणून कडेपेक्षा मधल्या जागा आवर्जून मोजाव्यात. पुढे दर आठवड्याला सुमारे 5 टक्के वाढवावे, आणि तेही आदल्या वाढीनंतर पॉलिप (प्रवाळाची फुलासारखी उघडणारी लहान अंगे) नेहमीसारखे उमलत असतील तरच. लेदर प्रवाळ अधूनमधून कात टाकताना काही दिवस मिटून बसतो, त्याला प्रकाशाचा त्रास समजू नये. दिव्याची तीव्रता कमी-जास्त करण्याची सोय नसेल तर तो उंच टांगावा, किंवा टँकवर प्लास्टिकच्या जाळीचे तीन-चार थर अंथरून आठवड्याला एकेक काढावा. नव्याने आणलेला प्रवाळ तळाशी ठेवून टप्प्याटप्प्याने वर सरकवणेही चालते, पण वारंवार हलवलेला प्रवाळ खडकाला धरत नाही, म्हणून मी दिव्याशी खेळणे पसंत करतो.

एक चोरवाट बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. बरेच दिवसांनी पाण्याचा पिवळेपणा शोषणारा ॲक्टिव्हेटेड कार्बन बदलला किंवा झाकणाच्या काचेवरचा मिठाचा थर पुसला, की दिव्याला हात न लावताही प्रकाश एकदम वाढतो. अशा आठवड्यात दिव्याची ठरलेली वाढ टाळावी. एप्रिल-मेमध्ये पाणी 28 अंशांच्या वर जात असेल तेव्हाही थांबावे, कारण उष्णता आणि प्रकाश यांचा ताण एकाच ठिकाणी पडतो. नायट्रेट आणि फॉस्फेट ही शैवालांची पोषकद्रव्ये अगदी शून्यावर आलेल्या टँकमध्येही घाई महागात पडते.

रंग फिका पडू लागल्यास तीव्रता आधीच्या पायरीवर आणून दोन आठवडे तिथेच ठेवावी. त्याच दिवशी पाणी बदलणे, प्रवाह वाढवणे, औषध घालणे असे चार उपाय एकदम करू नयेत. फिक्या पडलेल्या प्रवाळात जीव असतो. माझ्या मशरूमपैकी एकाला मी खडकाच्या आडोशाला ठेवून आठवड्यातून दोनदा बारीक केलेला आर्टेमिया (खाऱ्या पाण्यातला कोळंबीसारखा सूक्ष्म जीव) भरवला, तेव्हा त्याचा रंग परतायला दोन महिने लागले. दुसरा विरघळून गेला.

प्रवाळ नव्या प्रकाशात रुळला की त्याची वाढ वेगावते. कठीण प्रवाळांच्या टँकमध्ये पाण्यातील केएच (सांगाडा बांधताना खर्च होणाऱ्या कार्बोनेटची पातळी) तेव्हा पूर्वीपेक्षा भराभर उतरतो, म्हणून त्या दिवसांत त्याची चाचणी आठवड्यातून एकदा करत असाल तर ती दोनदा करावी.