बंद दार सोडून पुढे जाऊ नका: सर्व्हेसाठी माणसं निवडताना या चुका टाळा

"सर, चारशे फॉर्म झाले. रँडमच घेतले." कुठे घेतले म्हणून विचारावं, तर दादर स्टेशनबाहेर. जो थांबला त्याला विचारलं. अरे बाबा, सहा वाजता दादरला कोण थांबतं? ज्याची गाडी चुकली तो. रँडम म्हणजे दिसेल तो नव्हे. आधी यादी हवी, यादीतल्या प्रत्येकाची निवड होण्याची शक्यता ठाऊक हवी आणि निवड चिठ्ठीने व्हायला हवी, तुमच्या मर्जीने नाही. स्टेशनवरच उभं राहायचं असेल तर खुशाल राहा, पण अहवालात 'सोयीचा नमुना' असं सरळ लिहा.

यादी असली तरी फसायला होतं, हे मी स्वतः फसून शिकलो. परळच्या बाजूला चाळींमध्ये पाण्याचा सर्व्हे होता. दर मजल्यावर २० खोल्या, म्हणून मी हुशारीने दर विसावी खोली घ्यायचं ठरवलं. सुरुवातीचा आकडा चिठ्ठीने काढला, तो आला २०. झालं! प्रत्येक मजल्यावरची शेवटची, संडासाला लागून असलेली खोली. पाण्याचं विचारलं की लोक वासाचं आणि रात्रभर आपटणाऱ्या दाराचं सांगायचे. तीन दिवसांचे फॉर्म रद्दीत गेले. तेव्हापासून चाळ असो की टॉवर, आधी मजल्यावरची दारं मोजतो आणि १७ किंवा २३ असं अडनिडं अंतर धरतो.

पण माझं डोकं खरं फिरतं ते कुलूप पाहून शेजारी वळणाऱ्यांवर. "कुलूप होतं सर, शेजारच्या मावशी बोलक्या होत्या." मावशी बोलक्या आहेतच, आणि दुपारी घरात आहेत. म्हणूनच तर त्या प्रत्येक सर्व्हेत सापडतात! सकाळी साताची लोकल पकडून रात्री नऊला परतणारी बाई मात्र कुठल्याच सर्व्हेत सापडत नाही, आणि मग मुंबईकरांना गर्दीचा त्रास नाही असे निष्कर्ष निघतात. माझा नियम तीन फेऱ्यांचा: एक दिवसा, एक रात्री आठनंतर, एक रविवारी सकाळी. तरीही दार उघडलं नाही तर 'भेट नाही' अशी नोंद करायची, बदली घर घ्यायचं नाही. गळती होणार हे धरून पत्तेच सुरुवातीला जास्त काढायचे.

दार उघडलं तरी जो समोर आला त्यालाच बसवू नका. घरातल्या प्रौढांपैकी कोणाला विचारायचं हे ठरवायला सर्व्हेच्या शास्त्रातले जाणकार लेस्ली किश यांनी १९४९ मध्येच तक्ता देऊन ठेवला आहे. तो जड वाटत असेल तर सर्वांत अलीकडे ज्याचा वाढदिवस झाला त्याला विचारा. तो रात्रपाळी करून झोपला असेल तर त्याची उठायची वेळ विचारून पुन्हा या. घाई असलेल्यांनी या धंद्यात पडू नये.

बाकीच्या चुका पटकन सांगतो.

आकडा मोठा म्हणून सर्व्हे खरा होत नाही. १९३६ साली अमेरिकेत अध्यक्षपदाच्या निवडणुकीआधी 'लिटररी डायजेस्ट' या साप्ताहिकाकडे वीस लाखांहून जास्त मतपत्रिका परत आल्या आणि त्यांनी लँडन जिंकणार म्हणून सांगितलं. रूझवेल्टनी ४८ पैकी ४६ राज्यं घेतली. नावं काढली होती फोन आणि मोटारी असणाऱ्यांच्या याद्यांतून, आणि ज्यांनी पत्रिका परत पाठवली तेवढेच मोजले गेले.

'३८४ फॉर्म भरले की झालं' हा मंत्र नाही. पाच टक्के चूक चालेल तेव्हाचा, साध्या रँडम नमुन्याचा तो आकडा आहे. चार वस्त्या निवडून तिथेच ३८४ फॉर्म भरलेत तर चूक पाच टक्क्यांत राहत नाही.

२०११च्या जनगणनेची यादी घेऊन थेट फिल्डवर उतरू नका. कागदावरच्या झोपड्यांच्या जागी एसआरएची, म्हणजे झोपडपट्टी पुनर्वसनाची इमारत उभी असते.

एका घरकामगार बाईकडून दुसरीचं नाव घेत जाणं ठीक आहे, त्यातून टक्केवारी काढणं ठीक नाही.

आणि सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर गूगल फॉर्म टाकू नका. तो दोघंच भरतात, सेक्रेटरी आणि सेक्रेटरीशी भांडलेला.